बॅटरी नावाची सवत

नवऱ्यानं हौसेनं आणलेली बॅटरी बनुकाकीनं विहिरीत टाकली, तेव्हा तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

बनुकाकी म्हणजे माझी धाकटी चुलती. माहेर विट्याच्या बाजूचं, पाण्यासाठी आभाळाकडं बघणाऱ्या मुलखातलं. सासर आमचं, कराडच्या खाली कृष्णेकाठचं, चारी बाजूंनी ऊस. एकोणीसशे सत्तरच्या उन्हाळ्यात ती आमच्या घरात आली. नाथाजीकाका सैन्यात होते, तोफखान्यात, तिकडं पंजाबात. लग्नापुरती सुट्टी काढून आले आणि अंगाची हळद निघायच्या आत परत गेले. पुढची सुट्टी मिळाली ती संक्रांतीच्या सुमारास. मधल्या दिवसांत काकीनं नवरा नुसता आठवून आठवून पाहिला होता.

त्या सुट्टीत काकांनी येताना तीन सेलची लांबलचक बॅटरी आणली. उसाला पाणी पाजायला अंधारात जावं लागे, म्हणून. आमच्याकडं बॅटरी म्हणजे एवढीच, हातात धरायची, बटण दाबलं की उजेड पाडणारी. नाही म्हणायला चष्मा लावणाऱ्या पोरालाही शाळेत बॅटरी म्हणत. ते नाव मला पुढं बरीच वर्षं पुरलं. पण तिसरी बॅटरी गावात कुणाला ठाऊक नव्हती.

संध्याकाळी काका ओट्यावर बसले होते. भोवती गावातली चार माणसं. काकी आत चुलीपुढं भाकरी थापत होती, पण तिचे कान बाहेर होते.

"करमतंय का रं हितं तुला?" कुणीतरी विचारलं.

"खरं सांगू? न्हाई करमत," काका म्हणाले. "बॅटरीची लय सय येती."

"कुनाची?"

"आमच्या बॅटरीची! तिच्यासारखी उभ्या रेजिमेंटात दुसरी न्हाई, गड्या. एक डाव तिच्यात जीव गुतला की मानूस घरदार इसरतंय. तिच्यापायी मरायलासुदिक कुनी मागंफुडं बगत न्हाई."

काकीची भाकरी तव्यावर करपली. माझी आई राहीबाई, म्हणजे तिची थोरली जाऊ, शेजारी कालवण ढवळत होती. आईला थट्टेची भारी खोड. ती हळूच म्हणाली, "पंजाबातल्या बाया लय गोऱ्यापान आसत्यात म्हनं. लखलख करत आसंल, म्हनून नाव ठिवलं आसंल बॅटरी."

आईनं हसत म्हटलं आणि विसरून गेली. काकी विसरली नाही. पुढचे दिवस ती नवऱ्याच्या तोंडचा शब्द न् शब्द टिपत राहिली. बूट पुसताना काका म्हणाले, बॅटरी वाट बघत असेल. जेवताना म्हणाले, बॅटरीत असलं कालवण मिळत नाही, पण तिथल्या जेवणाची गोडी वेगळीच. सुट्टी संपत आली तसा त्यांचा चेहरा उजळायला लागला. काकीच्या डोळ्यांतून ते सुटलं नाही. एका दुपारी तिनं देवळीतली ती तीन सेलची बॅटरी उचलली, पदराखाली घेतली, घागर काखेला लावली आणि विहिरीवर जाऊन पाण्यात सोडून दिली.

पाणी पाजायला निघताना काकांनी विचारलं, "बॅटरी कुठाय गं?"

"हिरीत."

"पडली?"

"टाकली," काकी म्हणाली. "आता ती दुसरी हाय न्हवं, पंजाबातली, तिलाबी टाका. न्हाईतर मला टाका."

काका आधी नुसते बघत राहिले. मग त्यांना असं हसू फुटलं की खाली बसावं लागलं. चुलीतला विझला कोळसा घेऊन त्यांनी परसातल्या भिंतीवर सहा तोफा काढल्या, मागं गाड्या काढल्या. "ह्या सा तोफा, त्या वडायच्या ह्या गाड्या, आन् त्यांच्यासंगं ऱ्हानारी आमी शंबर-सव्वाशे मानसं. ह्या समद्याला मिळून बॅटरी म्हन्त्यात, बनू! बाई न्हाई ती!"

घर हसलं. दुसऱ्या दिवशी गाव हसलं. काकी तेवढी हसली नाही. माझ्या आईला ती नंतर म्हणाली, "आक्का, बाई आसती तर झिंज्या धरून बडवली आस्ती. ह्येला काय धरू?"

शब्दाचा अर्थ कळला म्हणून हेवा गेला, असं झालं नाही. उलट तो जास्तच बसला. एका बाईशी बरोबरी करता आली असती, तिच्यापेक्षा चांगलं रांधता आलं असतं, चांगलं नेसता आलं असतं. शंभर-सव्वाशे माणसांशी आणि सहा तोफांशी ती कसली बरोबरी करणार?

त्याच वर्षाच्या शेवटाला लढाई लागली. काका पश्चिमेच्या सरहद्दीवर होते. ते जिवंत परतले, हातपाय धड घेऊन परतले, पण तोफांच्या दणक्यानं कान गेले. डावा पुरता आणि उजवा अर्धामुर्धा. सैन्यानं त्यांना पेन्शन देऊन घरी पाठवलं. काकीला वाटलं, सुटली ती बॅटरी. आता नवरा आपला.

नवरा घरी होता, पण त्याला काही ऐकू येत नव्हतं. काकी हाका मारून मारून दमायची. "जेवायला चला" हे आमच्या घरातून ओरडलं की वेशीपर्यंत जायचं. काकांना ते ओरडणं लागायचं. ते "आँ?" म्हणायचे आणि तोंड फिरवून गोठ्याकडं जायचे. नवराबायकोत बोलण्यासारखं जे असतं ते ओरडून सांगता येत नाही. हळूहळू काकीनं सांगणंच सोडलं.

अशात एके दिवशी अर्जुना आला.

अर्जुना काकांच्या बॅटरीतला, तोफ ओढणारी गाडी चालवणारा. गाव माणदेशात. आईबाप लहानपणीच गेलेले, लग्न झालेलं नाही, शेती म्हणावी तर माळ. तोही पेन्शनीची वर्षं भरून सैन्यातून सुटून आला होता. खांद्यावर एक वळकटी. काका अंगणात बसले होते. अर्जुना येऊन त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि हलक्या आवाजात काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते दारात उभ्या काकीलाही कळलं नाही. काकांना कळलं. ते मोठ्यानं हसले. मग तेही हळू आवाजात बोलायला लागले. दोघं तासभर बोलत होते. मधेच अर्जुना हात वर करायचा, काका मान हलवायचे. एकदाही "आँ?" नाही.

"माजं बोललेलं न्हाई आयकू येत," काकी आईजवळ बसून म्हणाली, "आन् त्येचं कुजबुजल्यालं बरं आयकू येतं! कान गेल्यात का मन गेलंय, आक्का?"

आईची थट्टा त्या दिवशी बंद होती.

अर्जुनाला मोटारींच्या विजेचं काम चांगलं येत होतं. त्या सुमाराला सांगलीजवळ कुपवाडला कारखान्यांची वसाहत वाढत होती. मालमोटारी होत्या, उसाच्या भागात ट्रॅक्टर यायला लागले होते, आणि त्या सगळ्यांच्या बॅटऱ्या उतरायच्या. दोघांनी ठरवलं आणि कुपवाडला पत्र्याची एक शेड भाड्यानं घेतली. मागं एक खोली. दारावर पाटी लागली, बॅटरी चार्जिंगची. काका तिकडं राहायला गेले. काकी गावात सासूसासऱ्यांपाशी.

पाटीवरचा तो शब्द काकीनं ऐकला मात्र, तिच्या पोटात आग पडली. "परत तीच! जल्माची सवत हाय ही माजी."

काका आठवड्याला कपडे धुवायला घेऊन यायचे. शर्टाला जागोजाग बारीक भोकं. अॅसिडचा थेंब पडला की सुती कापड विरघळून जातं, हे तिला कुठं ठाऊक? ती भोकं मोजत बसायची नाही, पण प्रत्येक भोकातून तिला ती शेड दिसायची, तिथं दोघं शेजारी शेजारी बसलेले, एका ताटात जेवणारे. शेवटी पंचाहत्तरच्या पावसाळ्यानंतर तिनं सासूला सरळ सांगितलं, "मी जानार त्येंच्याकडं." सासू म्हणाली, "तितं काय हाय तुजं?" काकी म्हणाली, "त्येच बगायचंय."

कुपवाडची खोली एवढीशी. अर्जुना त्या दिवसापासून पुढं शेडमध्ये झोपायला लागला. काकीला वैनी म्हणायचा, तिनं केलेलं तोंड भरून वाखाणायचा, पाणी भरून द्यायचा. त्याच्यात बोट दाखवायला जागा नव्हती आणि त्यानंच ती जास्त जळायची. दोघं कामाला लागले की ती खोलीच्या दारात बसून बघायची. काका बॅटरीचं झाकण उघडायचे, आणि मागायच्या आधी अर्जुनाचा हात पाण्याच्या बाटलीसकट पुढं यायचा. तोफेवरची सवय. ती मात्र चहा घेऊन गेली की काका दचकायचे.

गिऱ्हाइकांत एक नानासो वकील म्हणून होते. सांगलीच्या कोर्टात वकिली. त्यांची काळी मोटार इतकी जुनी, की तिची बॅटरी महिन्यातून एकदा तरी उतरायचीच. काम होईपर्यंत ते स्टुलावर बसून गप्पा मारत. शब्दांचं त्यांना वेड होतं. एखादा शब्द सापडला की त्याचं गाव, त्याचं कूळ काढल्याशिवाय राहायचे नाहीत. काकी एक दिवस चहा देता देता त्यांच्यापुढं उभी राहिली.

"वकीलसायेब, ह्यो बॅटरी शबुद आला कुठनं? तोफांलाबी बॅटरी, हातातल्या दिव्यालाबी बॅटरी, ह्या काळ्या डब्यालाबी बॅटरी. एका नावावर किती जनी?"

वकील खूश झाले. त्यांनी कप खाली ठेवला. "आमच्याकडं आणखी एक आहे, बाई. इंग्रजांच्या कायद्यात दुसऱ्याच्या अंगावर हात टाकला, तर त्या गुन्ह्याला बॅटरी म्हणतात. आणि खरं तर तीच सगळ्यांत मुळाजवळची. मूळ शब्द लॅटिन भाषेतला. अर्थ, बडवणं, ठोकणं. इंग्रजीत लढाईला बॅटल म्हणतात, वादविवादाला डिबेट म्हणतात, ती सगळी त्याच घरातली भावंडं."

"मग तोफ कशी आली त्येच्यात?"

"तो शब्द फ्रेंच लोकांकडं गेला. आपले तांबट जशी भांडी ठोकून काढतात, तशा ठोकलेल्या भांड्यांनाही त्यांनी हेच नाव दिलं. आणि किल्ल्याचा तट बडवायला तोफा एका ओळीत मांडायच्या, एका हुकमावर उडवायच्या, त्या ओळीलाही हेच नाव. पुढं अमेरिकेत एक शास्त्रज्ञ झाला. काचेच्या बरण्यांत वीज साठवण्याचा त्याला नाद. एका बरणीचा झटका थोडका. म्हणून त्यानं पुष्कळ बरण्या ओळीनं जोडल्या आणि सगळ्यांचा दणका एकदम काढला. त्याला तोफांची ओळ आठवली असणार. त्यानं आपल्या बरण्यांना बॅटरी म्हटलं. बरण्या गेल्या, नाव राहिलं. हा तुमचा डबा उघडून बघा. आत घरं आहेत की नाही ओळीनं?"

"हायत."

"हातातल्या दिव्याला बॅटरी मात्र विलायतेत कुणी म्हणत नाही. ते आपलं. आतल्या सेलचं नाव आपण बाहेरच्या नळकांड्याला देऊन टाकलं. आता परदेशात कोंबड्या पाळायच्या पिंजऱ्यांच्या रांगेलाही बॅटरीच म्हणतात."

काकी विचार करत उभी होती. शेडमध्ये पलीकडं काका आणि अर्जुना एक जड बॅटरी दोन बाजूंनी धरून उचलत होते.

"म्हंजी मुळात मार," ती म्हणाली. "आन् मग जी एका वळीत हुबी ऱ्हाऊन एकदम मार देत्यात, मार खात्यात, ती समदी एका नावाची."

"अगदी बरोबर."

"आन् जी वळीत न्हवती तिला काय म्हन्त्यात?"

वकिलांनी तिच्याकडं नीट बघितलं. "तिच्यासाठी कोशात शब्द नाही, बाई," ते म्हणाले.

त्या दिवसानंतर काकीच्या डोक्यात एकच विचार घोळायला लागला. ओळ मोडायची. शंभर-सव्वाशे माणसं तर केव्हाच पांगली होती. राहिला होता एक. भांडून काढावं तर कारण नव्हतं, आणि काकांनी तिचं ऐकलंही नसतं. मग तिनं वेगळा रस्ता काढला.

माहेरी तिची रंगू नावाची चुलत बहीण लग्नाची होती. रंगूचा भाऊ सयाजी मदुराईला सोनं गाळायच्या दुकानात. विट्याकडची पुष्कळ माणसं याच धंद्यात देशभर पसरलेली. सयाजीला तिकडं भरवशाचा, अंगानं दणकट माणूस पाहिजे होता. काकी माहेरच्या जत्रेला म्हणून गेली आणि अर्जुनाचं गुणगान करून आली. सगळं खरंच सांगितलं. दारू नाही, सुपारीचं खांड नाही, मिलिटरीची पेन्शन, कामाला वाघ. तिला एका गोष्टीचं आतून हसू येत होतं, की ज्या माणसापायी आपला उभा जाळ होतो त्याच्यात एक खोट सांगायची म्हटली तरी सापडत नाही. जत्रेला आलेला सयाजी म्हणाला, "लगीन करू आन् दोगांनाबी तिकडंच न्हेऊ."

"न्ह्या," काकी म्हणाली. "लांब न्ह्या."

अर्जुनाला सांगितलं तेव्हा तो हातातलं काम टाकून उठला. मग त्यानं वाकून काकीच्या पायाला हात लावला. "वैनी, माज्या लग्नाचा इचार करनारं कुनी न्हवतं. आई न्हाई, भन न्हाई. तुमी केलासा."

काकी म्हणायची, त्या वेळी आपल्याला जमीन दुभंगली तर बरं होईल असं वाटलं. पण वाटलं तरी ती थांबली नाही.

शहात्तरच्या उन्हाळ्यात लग्न झालं आणि महिन्याभरात अर्जुना रंगूला घेऊन मिरज स्टेशनावरून दक्षिणेकडं गेला. काका पोचवायला गेले होते, काकीही होती. दोघा मित्रांनी गळामिठी घातली नाही की डोळे पुसले नाहीत. गाडी हलली तसा अर्जुनानं दारातून हात सरळ वर केला. तोफ तयार आहे, असं तोफेवरून असाच हात करून सांगतात. काकांनी फलाटावरून हात वर केला आणि गाडी दिसेनाशी झाली तरी खाली घेतला नाही. काकी शेजारीच उभी होती. तिला वाटलं, लग्नात माझा हात धरला तेव्हासुद्धा ह्यांचा हात इतका सरळ नव्हता.

आता शेडमध्ये दोघंच. काकी अर्जुनाच्या जागेवर बसायला लागली. बॅटरीत पाणी किती, अॅसिड किती, मीटर बुडवून कसं बघायचं, वायरी कुठं लावायच्या, सगळं बघून बघून शिकली. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीत बुडबुडे नीट येतात की नाही, ते ती कान लावून ऐकायची. काकांना ते ऐकू येत नव्हतं. तिच्या लुगड्यालाही भोकं पडली आणि तिला त्याचा आनंद झाला. पण काका गप्प झाले ते झालेच. रागावले नाहीत, जेवणाला नाव ठेवलं नाही. सांगितलं तेवढं काम करायचे. त्यांची नजर मात्र मागून पुढं येणाऱ्या हाताची वाट बघायची. कधी कधी ते न बघताच हात मागं करायचे, पाण्याच्या बाटलीसाठी. हात रिकामाच राहायचा, मग उठून स्वतः घ्यायचे.

जो माणूस तिथं नाही त्याचाही हेवा करता येतो, हे काकीला त्या वर्षी कळलं. समोर असताना निदान तो चहा प्यायचा, शिंकायचा, घामेजायचा. आता नुसता आठवणीतला, त्याच्याशी कसं झुंजायचं?

पुढच्या हिवाळ्यात ते घडलं. अॅसिडचा काचेचा मोठा बुधला काका एकटेच उचलत होते. पूर्वी तो दोघांनी उचलायचा असे. काकी दारातून आत येत होती. बुधल्याभोवतीची टोपली खालून सुटताना तिला दिसली. ती जीव खाऊन ओरडली, "आवं, ठिवा खाली! ठिवा!" रस्त्यावरची माणसं थांबली. काकांची पाठ तिच्याकडं होती. त्यांनी ऐकलं नाही. टोपली सुटली, बुधला फुटला.

तिनं बादल्यांवर बादल्या ओतल्या, सोडा टाकला, लुगडं जळतंय याचं भान नव्हतं. काकांचे दोन्ही पाय आणि एक हात भाजला. मिरजेच्या दवाखान्यात ते बरेच दिवस होते. काकी खाटेशेजारी खाली बसायची. एका दुपारी, पट्टी बदलून नर्सबाई गेल्यावर, ती उठून खाटेच्या समोर येऊन उभी राहिली. ओरडायचं तिच्यात बळच नव्हतं. अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "अर्जुनाभावजी आसतं तर ह्ये झालं नसतं. त्येंला मीच घालवलं."

"ठावं हाय मला," काका म्हणाले.

काकी चमकली. त्यांनी ऐकलं होतं, हे तिला आधी कळलं. ते काय म्हणाले हे नंतर. "काय ठावं हाय?"

"तू रंगूचं जमवलंस त्ये कशापायी, त्ये. कान गेल्यात माजं, डोळं न्हाई."

"मग बोलला का न्हाई?"

"काय बोलू? त्येला संसार पायजेच हुता. तू रागानं दिलास, पर दिलास. मी त्येचा दोस्त म्हनवतो, माज्या डोक्यात कदी आलं न्हाई." ते पुढं म्हणाले, "आन् तू आता बोललीस तसं कदी बोलली न्हाईस, बनू. समूर येऊन. नुसती मागनं वराडतीस. वराडलं की मला कायबी कळत न्हाई, निस्ता दनका बसतो डोक्यात. अर्जुना आधी समूर यायचा, मग बोलायचा."

एवढंच होतं? इतकी वर्षं जी जादू समजून ती जळत होती, ते एवढंच, की समोर यायचं आणि मग बोलायचं? काकीला हसावं की रडावं कळेना. रडलीच.

काका बरे झाले, पण उभं राहून फार वेळ काम होईना. दुकान काकीनंच पुढं नेलं. ट्रॅक्टरवाले आधी बाईला बघून बिचकायचे, "मालक न्हाईत का?" विचारायचे. मग नेमानं येऊ लागले. उतरलेली बॅटरी परत उभी राहते की टाकायचीच, हे ती खरं सांगायची. लोक तिला बॅटरीवाल्या बनुबाई म्हणायला लागले. त्या नावाचं तिला सुरुवातीला काय वाटलं असेल, मी कधी विचारलं नाही. काकांशी ती समोर जाऊन बोलायची. कामात असले तर आधी खांद्याला हात लावायची.

एकोणऐंशीच्या दिवाळीत अर्जुना आला. बरोबर रंगू, तिच्या कडेवर लेक; अर्जुनाच्या अंगावर मदुराईचं धोतर. अंगानं सुटला होता. काकांना बघितलं, पायांवरचे डाग बघितले आणि समोर उकिडवा बसला. परत तेच हलकं बोलणं, तेच मान हलवणं. काकी चहा ठेवायला आत गेली. स्टोव्हला पंप मारता मारता तिला जाणवलं, पोटात तीच जुनी आग. इतकं सगळं होऊन, इतकं कळूनही. तिला स्वतःचीच चीड आली.

चहा घेऊन ती बाहेर आली आणि या वेळी परत गेली नाही. काकांच्या समोर बसली. "मला सांगा," ती म्हणाली, "लडाईत काय झालं त्ये. ह्येंच्यासंगं बोलता, माज्यासंगं कदी न्हाई."

अर्जुना काकांकडं बघायला लागला. मग काकांनी जोतिबाचं सांगितलं. जोतिबा त्यांच्याच तोफेवरचा, वयानं सगळ्यांत लहान, गोळे हातात द्यायचा. एका पहाटे पलीकडून गोळा आला. काकांनी मागं हात केला आणि हातात गोळा आला नाही. वळून बघितलं तर जोतिबा नव्हताच. पण तोफ थांबवता येत नव्हती. अर्जुना गाडी सोडून धावत आला, जोतिबाच्या जागेवर उभा राहिला आणि काकांच्या हातात गोळा दिला. दिवसभर देत राहिला.

"तवापास्नं मी हात मागं केला की त्यो काय ना काय देतोच," काका म्हणाले. "ह्ये घरात कसं आनायचं, बनू? मला ह्ये घरात आनायचंच न्हवतं. घर तेवढं त्येच्याबिगर पायजे हुतं."

रंगू लेकराला थोपटत होती. अर्जुना पालथ्या हातानं नाक पुसत होता.

तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली, "बनुबाई हायत का? ट्रॅक्टर बंद पडलाय!" काकी उठून गेली. बॅटरीची तोंडं घासली, ग्रीस लावलं, ट्रॅक्टरवाल्याला दोन शब्द सुनावले की पाणी वेळेवर घालत जा. हात चालू होते आणि डोळा शेडकडं होता. आत दोघं मित्र शेजारी बसले होते आणि एक अक्षर बोलत नव्हते. नुसते बसले होते. तिला त्या बसण्याचाही हेवा वाटला. तो पुढंही वाटत राहिला. गेला, असं ती कधी म्हणाली नाही.

ट्रॅक्टर सुरू होऊन गेल्यावर तिनं हात धुतले, आत आली आणि म्हणाली, "सरका वाईच." दोघं दोन बाजूंना सरकले. ती मधे बसली.